रुखवतातली भुरी

लग्न मुलीचं असतं, धावपळ बापाची असते आणि रुखवत असतं ते जावेच्या डोळ्यात सलावं म्हणून. निदान पनवेलच्या कोळीवाड्यात दमयंतीच्या घरी तरी तसंच होतं. गेल्या उन्हाळ्यात तिच्या चुलत जावेनं, जनीनं, आपल्या मुलीच्या रुखवतात जिवंत लव्हबर्ड्सचा पिंजरा ठेवला होता. पाहुणे नवरा-नवरीला सोडून पिंजऱ्यापुढे मोबाइल धरून उभे. त्या दिवसापासून दमयंतीला अन्न गोड लागेना. आता तिच्या रियाचं लग्न ठरलं होतं, विचुंब्याच्या प्रितेशशी, आणि रुखवतात असं काही हवं होतं की जनीनं तोंडात बोट घालावं.

तसं काही तिच्याच घरात होतं. मागच्या खोलीत, नणंदेच्या खाटेशेजारी.

नणंद म्हणजे किशोरी, आणि खाटेशेजारी होती ती भुरी. भुरी ही हॅमस्टर. मुठीत मावेल एवढा जीव, रंग सुकवलेल्या जवळ्यासारखा, शेपूट असून नसल्यासारखी. दिवसभर पिंजऱ्यातल्या फुटक्या माठात भुसा ओढून झोपायची आणि दिवेलागणीला उठून दाणे गालांत कोंबायची, गाल इतके फुगायचे की नवीन माणसाला वाटावं हिचे दात दुखतायत. घरात सगळे तिला 'किशोरीचा उंदीर' म्हणायचे. किशोरी कोणाला सुधारायची नाही. या घरात आपल्याला काय काय म्हणतात तेही तिनं कधी सुधारलं नव्हतं.

तिला म्हणायचे 'परतलेली'. उरणला दिली होती. नवरा दिसायला देखणा, कमावता, आणि हात उचलण्यात त्याहून तरबेज. दोन वर्षं काढून ती मोडक्या हातानं माहेरी आली ती परत गेली नाही. भाऊ जगन यानं तिला ठेवून घेतली, हे त्याचे उपकार, आणि ते तो विसरू देत नसे. त्याच सुमारास दमयंतीला रिया झाली आणि बाळंतपणानंतर ती वर्षभर अंथरुणाला खिळली. तेव्हा पोरीला न्हाऊ-माखू घालणं, ताप आला की खांद्यावर टाकून फिरणं, हे सगळं किशोरीनं केलं. रिया पहिल्यांदा बोलली ती 'आई' नाही, आत्याला हाक मारत 'आत्ता' म्हणाली. दमयंतीनं ते हसण्यावारी नेलं आणि मनात ठेवलं.

रिया मोठी होऊन कॉलेजात गेली तशी किशोरी नवीन पनवेलला डॉ. ताहिरा मुकादमांच्या प्राण्यांच्या दवाखान्यात कामाला लागली. नंबर लावायचे, मांजरं धरायची, फरशी पुसायची. तिथेच तिला भुरी मिळाली. करंजाड्याच्या नव्या बिल्डिंगमधलं एक कुटुंब खोक्यात दोन हॅमस्टर घेऊन आलं होतं. दोघी सख्ख्या बहिणी, एका पिंजऱ्यात वाढलेल्या, आणि मोठ्या झाल्यावर एकमेकींच्या जिवावर उठलेल्या. एक टेबलावरच गेली. दुसरीचा कान फाटला होता. घरातली बाई म्हणाली, खुनी जनावर आम्हाला नको.

डॉक्टरीणबाईंनी त्या बाईला काही सुनावलं नाही. ती गेल्यावर हात धुता धुता किशोरीला म्हणाल्या, "या जातीला सोबत म्हणजे सजा, किशोरी. प्रत्येकाला आपलं घर लागतं. लोकांना वाटतं एकटा जीव उदास होईल, आणि रहम म्हणून जोडी आणतात. मग हे असं."

किशोरी हसली. इतकं हसली की डॉक्टरीणबाई बघत राहिल्या. बाईमाणसानं एकटं राहू नये, हे तिनं उरणहून आल्यापासून कोळीवाड्यातल्या प्रत्येक तोंडून ऐकलं होतं. एकटं राहणं हा स्वभाव असू शकतो, त्यात कोणाचं काही बिघडत नाही, हे तिनं त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. संध्याकाळी ती फाटक्या कानाची भुरी घेऊन घरी आली.

तर दमयंतीची नजर आता या भुरीवर गेली.

"तुजी भुरी दे गो रुखवताला," ती म्हणाली. सुकटाचे डबे भरता भरता, जणू चमचाभर हळद मागावी तसं. "बंगला बनवून घेतलाय लाकडाचा. वर रिया-प्रितेश नाव. जगन तिच्यासाठी नवरा आनतोय दुकानातनं. दोघांना मुंडावळ्या लावू."

"वहिनी, ती दोघं एकत्र ठेवता येत नाहीत," किशोरी म्हणाली. "एक दुसऱ्याला मारून टाकतो."

"दुकानवाला तर बोलला जोडीनंच न्या, एकटा मरतो."

"त्याला दोन विकायचे आहेत."

"सगळ्या जगाला जोडी लागते, हिलाच तेवढी नको," दमयंती म्हणाली आणि डब्याचं झाकण दाबलं. हे भुरीबद्दल नव्हतं, हे दोघींना कळलं.

किशोरीनं नाही म्हटलं. मग जगन आला. घरात लग्नकार्य, पोरगी तूच वाढवलीस ना, मग एका उंदरासाठी काय अडून बसतेस, असं सगळं बोलून झालं. किशोरीनं त्यालाही नाही म्हटलं. आयुष्यात भावाला तिनं नाही म्हटल्याचे प्रसंग बोटावर मोजण्याइतके, आणि त्यातला हा एक उंदरापायी, याचं जगनला फारच वाईट वाटलं.

तिसरी आली रिया. मेंदीसाठी वाढवलेली नखं सांभाळत खाटेवर बसली आणि लहानपणी टेकवायची तसं डोकं आत्याच्या मांडीवर टेकवलं.

"आत्या, माझ्या रुखवतात तुझं काहीच नाहीये," ती म्हणाली. "हळदीला तुला पुढे येऊ देणार नाहीत. ओटी तू भरायची नाही. मग माझ्या लग्नात तू आहेस कुठे?"

नाक दाबलं की तोंड उघडतं, पण माया दाबली की माणूस सगळंच उघडून देतं. किशोरीनं बराच वेळ तिच्या केसांतून हात फिरवला. मग म्हणाली, "बंगल्याला मधोमध जाळी बसवणार असाल तर देते."

जाळी तिनं स्वतः बसवून घेतली. सुताराकडून खाच पाडून घेतली, वरून घट्ट बसणारी तारेची जाळी केली आणि दोन्ही टोकं तारेनं बांधली. एका बाजूला भुरीचा माठ, भुसा, पाण्याची बाटली. दुसऱ्या बाजूला दुकानातून आणलेला नवरदेव, बिचारा भुरीपेक्षा लहानखुरा, कोवळा. रियाला समोर बसवून तिनं सांगितलं. जाळी काढायची नाही. मादी माजावर नसेल तर नराला फाडते. असली, तर आधी गाभण राहते आणि मग फाडते. दोन्हीकडून वाईटच.

"कळलं गं," रिया म्हणाली. "जाळी काढायची नाही. पाठ झालं."

"पुन्हा म्हण."

"जाळी काढायची नाही. आत्या, मी काय लहान आहे?"

लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये दमयंतीच्या मनासारखं झालं. रुखवताच्या टेबलावर नारळाच्या बाहुल्या होत्या, साखरेचा ताजमहाल होता, चॉकलेटची होडी होती, पण गर्दी सगळी बंगल्यापुढे. जनीनं येऊन बघितलं आणि मोठ्यानं म्हणाली, "उंदीर ठेवलान काय गो रुखवतात?" लोक हसले, तरी फोटो काढायचे थांबले नाहीत. दमयंतीच्या चेहऱ्यावर तेज आलं. तिला आता मुलीची पाठवणी जड जाणार नव्हती.

किशोरी सबंध लग्न त्या टेबलामागे उभी होती. हळदीला तिला बोलावलं नव्हतं, अक्षता तिनं तिथूनच टाकल्या. पोरं जाळीतून काड्या घालत होती, बायका टकटक करत होत्या, डीजेच्या आवाजानं टेबल थरथरत होतं. झोपेची वेळ, आणि भुरी कोपऱ्यात अंग आक्रसून बसलेली. किशोरीनं ओढणी टाकली की कोणीतरी ती बाजूला करी. शेवटी तिनं ओढणी दोन्ही हातांनी धरून ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटलं, नवरीची आत्या जरा विक्षिप्त दिसते.

पाठवणीच्या वेळी रुखवत टेंपोत चढू लागलं. किशोरीनं बंगल्याचं दार उघडून भुरीला घ्यायला हात घातला, तर दमयंतीनं मनगट धरलं.

"रुखवतातली वस्तू परत घेतात काय? विहीणबाय समोर हायत. काय वाटंल त्यांना?"

"वहिनी, हॉलपुरतं ठरलं होतं."

"पाचव्या दिवशी पाचपरतावनाला माहेरी येल तवा आनंल रिया."

रडून लाल झालेल्या रियानं आत्याला मिठी मारली. कानात म्हणाली, "मी आणते. शपथ. जाळीला हात लावू देणार नाही कोणाला." टेंपो गेला. किशोरी घरी आली आणि पिंजऱ्यातल्या माठाच्या रिकाम्या जागेकडे बघत बसून राहिली. तिच्या आयुष्यात तिची म्हणावी अशा दोनच गोष्टी होत्या आणि त्या एकाच दिवशी एकाच घरी गेल्या होत्या. निदान दोघी एकत्र आहेत, असं तिनं मनाला समजावलं.

पाचपरतावणाच्या आधीच विचुंब्याहून बोलावणं आलं. फोनवर जावई नव्हता, विहीणबाई होत्या, कृष्णाबाई. आवाज बर्फातल्या मासळीसारखा. "तिघांनी या," एवढंच म्हणाल्या. "ननंदेला पन आना."

विचुंब्याचं घर नवं, फरशी चकचकीत. ओटीवर बंगला ठेवला होता. मधली जाळी नव्हती. भुरी एका कोपऱ्यात तोंड पुसत होती, दोन पंजांनी, कानामागून नाकापर्यंत, जशी ती रोज पुसायची. दुसऱ्या बाजूचा भुसा काळपट झाला होता. नवरदेवाच्या डोक्यावरची कागदी मुंडावळी तेवढी तिथे पडली होती.

कृष्णाबाई खुर्चीत बसल्या होत्या. प्रितेश आईच्या मागे उभा, मोबाइलमध्ये मान घालून. रिया दाराला टेकून, नवी साडी, हातभर चुडा, नजर फरशीवर. किशोरीनं तिच्याकडे पाहिलं, तिनं वर पाहिलं नाही.

"आमच्यात लग्नाच्या घरात मांजर आडवं गेलं तरी आमी नारल फोडतो," कृष्णाबाई म्हणाल्या. "हितं तर नवरीनं नवऱ्याची मान फोडलीन. फोडलीन नि खाल्लीन. वर नाव कोनाचं? रिया-प्रितेश."

जगननं घसा खाकरला. "विहीणबाई, जनावरच ते…"

"जनावरच. पन माज्या पोराच्या नावाच्या बंगल्यात." त्यांचा आवाज जरा कापला. बाई खोटी नव्हती. एकुलता एक मुलगा, आणि तिला खरंच भीती वाटली होती. मूर्खपणाची भीतीसुद्धा भीतीच असते, आणि ती नेहमी दुसऱ्या बाईच्या माथी उतरते. "आमी घरची मानसं हसत बसलो व्हतो. मीच बोलले, नवरा-नवरीत भिंत कशाला? काढ गो रिया. हिनं तार सोडली नि जाली काढली. आता इचारते तर बोलते, मला काय माहीत, जनावर आत्याचं."

जगननं रियाकडे पाहिलं.

"म्हनून तुमाला बोलावलं," कृष्णाबाई किशोरीकडे वळल्या. "खरं काय ते सांगा. तुमी हिला सांगितलं व्हतं का, जाली काढली तर नर मरंल म्हनून? सांगितलं असंल नि तरी हिनं हसत काढली असंल, तर मग माज्या घरात पोरगी कसल्या काळजाची आली, ते मना बगावं लागंल. पुढचं काय ते आत्ताच ठरवू. सांगितलं नसंल, तर गोष्ट येगली."

आता रियानं वर पाहिलं. ती नजर किशोरीनं ओळखली. शाळेत दुसऱ्या मुलीचा डबा चोरल्यावर बाईंपुढे उभी होती, तेव्हा अशीच पाहत होती. तेव्हाही किशोरीनं म्हटलं होतं, मीच दिला तिला. पण तेव्हा ती सात वर्षांची होती.

किशोरीला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. सांगितलं होतं, समोर बसवून सांगितलं होतं, पुन्हा म्हणून घेतलं होतं, वहिनीलाही सांगितलं होतं. तिनं दमयंतीकडे पाहिलं. दमयंती पदराच्या टोकाचा दोरा काढण्यात गुंतली होती.

"नाही सांगितलं," किशोरी म्हणाली. "विसरले मी."

कृष्णाबाईंनी श्वास सोडला. चूक कोणाची ते कळलं की लोकांना किती बरं वाटतं. चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला जमलेली माणसं संन्यासी स्वतःच मान पुढे करतोय म्हटल्यावर भलतीच मऊ होतात. चहा आला, फरसाण आलं. जगननं दोनदा माफी मागितली, एकदा स्वतःच्या वतीनं, एकदा बहिणीच्या. निघताना कृष्णाबाईंनी बंगला उचलायला सांगितलं.

"ही नवरा खाल्लेली न्या तुमची. आनि राग मानू नका," त्या दमयंतीला म्हणाल्या, किशोरी तिथेच उभी असताना, "पन ज्या बाईचा स्वतःचा संसार मोडला, तिच्या हातचं शुभकार्यात ठेवू नये. आमी तरी ठेवत नाय."

"चुकलंच आमचं," दमयंती म्हणाली.

परतीच्या वाटेवर गाडीत जगन सबंध वेळ हॉर्न वाजवत होता. पनवेलच्या सिग्नलला दमयंती म्हणाली, "सांगायचं नव्हतंस काय आमाला, असं मारतात म्हनून?" किशोरी मांडीवरच्या बंगल्याकडे बघत राहिली. भाबडेपणानं विचारतेय की बेरकीपणानं, हे तिला ठरवता येईना, आणि मग ठरवायची गरजही वाटेना.

काही दिवसांनी भुरी भुसा ओढू लागली. जुनी वर्तमानपत्रं फाडून माठात कोंबू लागली, अंगानं जड दिसू लागली. किशोरी तिला दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी हात न लावताच ओळखलं.

"पिल्लं आहेत," त्या म्हणाल्या. "झाल्यावर दोन आठवडे आत बघायचंसुद्धा नाही. कपडा टाक, खाणं-पाणी दे आणि विसरून जा. हात लावलास, घरटं हलवलंस, परका वास लागला, तर ती खाऊन टाकेल. मग थोडी मोठी झाली की नर-मादी वेगळी. आणखी थोड्या दिवसांनी प्रत्येकाला वेगळं घर. किती होतील देव जाणे. आणशील कुठून एवढी घरं?"

"बघीन," किशोरी म्हणाली.

"दुकानदाराला देऊ नकोस. तो जोड्या लावेल आणि पुन्हा हेच."

"नाही देणार."

ती खरंच बघू लागली. दवाखान्यात येणाऱ्या शहाण्या माणसांना विचारू लागली, एकच नेणार का, एकटाच ठेवणार का. प्लास्टिकचे मोठे डबे आणून त्यांना भोकं पाडू लागली. घरात मात्र दमयंतीनं वाटप सुरू केलं होतं. पिल्लांची बातमी बाहेर गेली आणि कोळीवाड्यात एकाएकी अपशकुनाचा शुभशकुन झाला. लेकुरवाळी झाली ना, मग चांगलंच. माहेरच्यांना एक जोडी, शेजारच्या पोराला एक जोडी, जनीला तर मुद्दाम एक जोडी. किशोरीनं खोलीला कडी घातली आणि चावी कमरेला लावली. दमयंती म्हणाली, उंदराला एवढं जपते, मानसाला कधी जपलं नाय. किशोरीला आठवलं ते रियाचं पहिलं वर्ष.

पिल्लं झाली ती तिला आवाजावरून कळली. माठातून बारीक, ओलसर असा चिवचिवाट येऊ लागला. तिनं पिंजऱ्यावर जुनं लुगडं टाकलं, दोन्ही कडा खाली खोचल्या आणि खोलीत अनवाणी वावरू लागली.

त्याच आठवड्यात रिया माहेरी आली. एकटीच, दुपारपुरती. दमयंती बाजारात गेली होती. किशोरीनं कडी काढली, पोरीला आत घेतलं, आणि पहिली दोन मिनिटं दोघी एकमेकींचे हात धरून नुसत्या बसल्या. किशोरीला वाटलं, आता ती म्हणेल. एक वाक्य हवं होतं तिला. 'आत्या, तू सांगितलं होतंस.' बंद खोलीत म्हटलं असतं तरी चाललं असतं.

रिया म्हणाली, "आत्या, एक सांगायचंय. रागावू नकोस हं."

"सांग."

"पहिलं वर्ष आहे ना, सण असतील सगळे. नारळी पुनवेला आई-बाबांना बोलावणार आहेत तिकडे. सासूबाई म्हणतात… तू नको येऊस. नंतर काही असलं माझं, ओटीभरण वगैरे, तेव्हापण. त्यांच्या मनात ते बसलंय गं. मी काय बोलणार? नवीन आहे मी." बांगड्या मागेपुढे करत ती पुढे म्हणाली, "मी येत जाईन ना इथे. आपल्याला काय फरक पडतो?"

विचुंब्याला खोटं बोलताना किशोरीला वाटलं होतं, एक दिवस मान खाली घालावी लागेल, दोन दिवस टोमणे ऐकावे लागतील. या पोरीच्या पोरांना आपण बारशाला बघायचं नाही, हे त्या 'विसरले'मध्ये होतं, ते तिला तेव्हा दिसलं नव्हतं. आणि रिया ते असं सांगत होती, जसं रिक्षा मिळाली नाही म्हणून उशीर झाला सांगावं.

"बरं," किशोरी म्हणाली. मग काहीतरी करायला हवं म्हणून उठली. "जवळ्याची वडी खाशील? तुझ्यासाठी ठेवलीय."

"खाईन. आत्या, पिल्लं बघू?"

"नाही. लुगड्याला हात लावायचा नाही. परका वास लागला तर खाते ती पिल्लांना."

"माझा वास परका होय?"

"तिला परकाच," किशोरी म्हणाली. "हात लावायचा नाही. कळलं?"

"कळलं गं."

तिनं पुन्हा म्हणून घेतलं नाही. स्वयंपाकघरात तवा तापवला, वड्या दोन्ही बाजूंनी खरपूस केल्या, जशा रियाला लागतात. ताट घेऊन आली तेव्हा रिया खाटेवर होती तशीच बसली होती, मोबाइल बघत. लुगडं पिंजऱ्यावर होतं. एक कड मात्र बाहेर आली होती. खोलीत नव्या नवरीच्या अत्तराचा वास भरून राहिला होता. किशोरीनं कड आत खोचली. विचारायचं तिच्या ओठावर आलं, पण पोरीनं पहिला घास तोंडात घातला आणि डोळे मिटून म्हणाली, "आत्या, तुझ्या हातची चव नाही गं कुठे." मग तिनं नाही विचारलं.

दुसऱ्या दिवशी माठातून आवाज येईना. संध्याकाळपर्यंत तिनं वाट पाहिली, मग लुगडं बाजूला केलं. भुरी कोपऱ्यात बसून तोंड पुसत होती. घरटं विस्कटलेलं होतं. त्यात जे उरलं होतं ते किशोरीनं कागदात गुंडाळलं, मागच्या दाराशी खड्डा करून पुरलं आणि भोकं पाडलेले डबे एकात एक घालून माळ्यावर टाकले. भुरीचा तिला राग आला नाही. तिचं घर हलवून हलवून तिला कोणी धड ठेवलं नव्हतं. राग आला तो स्वतःचा, आणि त्याच्याहून जास्त कोणाचा, ते कबूल करायला तिला भुसा बदलून होईपर्यंत वेळ लागला. ती पोरगी तिनं वाढवली होती. प्रत्येक वेळी 'मीच दिला तिला' म्हणून वाढवली होती.

हात धुवत असताना रियाचा फोन आला. आवाज खुशीत होता.

"आत्या, पिल्लं कशी आहेत? सासूबाईंना फोटो भयंकर आवडला. किती गुलाबी गुलाबी, हातावर घेतलं तर गुदगुल्या होत होत्या. म्हणतात, शुभ आहे, एक जोडी इकडे आणा, तुमच्या खोलीत ठेवू."

किशोरी ओल्या हातानं तशीच उभी राहिली.

"पिल्लं नाहीत, रिया. खाल्ली तिनं."

"सगळी?"

"सगळी. तू हातात घेतलीस म्हणून."

पलीकडे बांगड्या वाजल्या. मग रिया म्हणाली, "मला काय माहीत?"

"मी सांगितलं होतं," किशोरी म्हणाली. हे वाक्य तिच्या तोंडून पहिल्यांदा निघालं, आणि निघालं तेही त्या एकाच माणसापुढे, ज्याला ते आधीच ठाऊक होतं. "हेही सांगितलं होतं आणि तेही सांगितलं होतं."

फोनमध्ये रियाचा श्वास तेवढा ऐकू येत होता. किशोरीला वाटलं, रडतेय. वाटलं, आता तरी म्हणेल.

"हो," रिया शेवटी हळूच म्हणाली. "पण आत्या, आता सासूबाईंना मी काय सांगू? त्या खुशीत सगळ्यांना सांगून बसल्यात. पिल्लू हातात घेतलेला माझा फोटो पण पाठवलाय त्यांनी सगळ्यांना."

किशोरीनं पिंजऱ्याकडे पाहिलं. भुरी पुन्हा भुसा ओढून माठाच्या आत शिरत होती.

"सांग," ती म्हणाली, "आत्या सांगायला विसरली."

"चालेल ना तुला?" रियानं विचारलं, आणि तिच्या आवाजातलं ओझं उतरल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

किशोरीनं फोन ठेवला आणि खोलीला आतून कडी घातली.